परतीची सोय

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, म्हणून गेले होते. बेकिंग सोड्याचे ज्वालामुखी, सलाइनच्या नळ्यांचं ठिबक सिंचन, थर्माकोलची पवनचक्की, सगळीकडे फेव्हिकॉलचा वास आणि पाठ केलेली वाक्यं. एका वर्गात अवकाश विभाग होता. फळ्यापासून खिडकीपर्यंत दोरीवर ओळीने तक्ते लटकवलेले: स्पुटनिक, लायका, गागारिन, तेरेश्कोवा, लिओनॉव्ह, आर्मस्ट्राँग. प्रत्येक तक्त्यावर लाल स्केचपेनने काढलेला, वर जाणारा बाण. दोन वेण्या घातलेली सातवीतली एक मुलगी फूटपट्टी घेऊन माहिती सांगत होती आणि समोर पहिलीतली पोरं रांगेत उभी होती. फूटपट्टी लायकावर टेकली. "लायका ही पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली कुत्री. ती १९५७ साली अंतराळात गेली." रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "मग ती घरी कधी आली?" मुलगी गप्प झाली. तिने बाईंकडे बघितलं, तर बाई कोपऱ्यात एक्स्टेन्शन बोर्डाशी झटत होत्या. मग फूटपट्टी हळूच पुढच्या तक्त्यावर सरकली आणि आवाज पुन्हा खणखणीत झाला, "युरी गागारिन!" रांग पुढे गेली. तो मुलगाही गेला.

प्रश्न मात्र माझ्यामागे घरापर्यंत आला. अवकाशयुगाचा इतिहास आपण शाळेपासून पहिल्यांच्या यादीसारखा पाठ करतो. पहिला उपग्रह, पहिला प्राणी, पहिला माणूस, पहिली स्त्री, पहिलं पाऊल. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तर त्याचं कोष्टकच असतं आणि त्या कोष्टकात सगळ्या तारखा जाण्याच्या असतात. राकेश शर्मांनी इंदिरा गांधींना दिलेलं उत्तर आपल्याकडे लहानथोरांना तोंडपाठ आहे. पण ११ एप्रिल १९८४ ला ते कझाकस्तानच्या गवताळ मैदानात सुखरूप उतरले, ही तारीख मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. आणि मला आता ठामपणे वाटतं, की त्या सुरुवातीच्या वर्षांतली खरी अवघड, खरी माणुसकीची कामगिरी त्या न सांगितलेल्या तारखांमध्ये आहे.

आमच्या घरात जाण्यापेक्षा पोचण्याला किंमत होती. वडिलांची नोकरी फिरतीची. महाडहून पुण्याला वरंध घाटातून एसटी, पावसाळ्यात दरडी कोसळायच्या, गाडी कुठे अडकली तर कळायला मार्ग नाही. निघताना आजी एकच सांगायची, "पोचल्याचं कळव रे." मग दोन-तीन दिवसांनी कार्ड यायचं. सुखरूप पोचलो, काळजी नसावी. एवढ्या एका ओळीसाठी वडील कार्ड खर्च करत आणि आजी ते देवामागच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. पुढे एसटीडी बूथ आले, मग मोबाइल आले, पण कार्ड येईपर्यंतच्या त्या दिवसांत स्वयंपाकघरात जी एक मुकी घाई असायची, भांडी जरा जोरात आपटायची, ती मला अजून ऐकू येते.

स्पुटनिकला परतायचं नव्हतंच. ४ ऑक्टोबर १९५७ ला वर गेलेला तो ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा चकचकीत गोळा तीन आठवडे 'बीप बीप' करत राहिला, बॅटरी संपल्यावर मुका झाला आणि जानेवारीत वातावरणात शिरून जळून गेला. त्याच्यासाठी कुणाच्या जिवाला घोर लागण्याचं कारण नव्हतं. धातूचा गोळा तो. पण त्याने जगभर एवढी खळबळ उडवली, की सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना ७ नोव्हेंबरच्या आत, म्हणजे रशियन क्रांतीच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, आणखी काहीतरी दणदणीत हवं झालं. हातात जेमतेम चार आठवडे. एवढ्या वेळात कुत्र्याला कक्षेत पाठवणारं यान उभं करता येत होतं, परत आणणारं नाही. त्याला ना उष्णतारोधक कवच होतं, ना पॅराशूट, ना वेग मोडणारं इंजिन.

लायकाच्या परतीची सोय करायला कुणी विसरलं नव्हतं. ती करायचीच नाही, असं ठरलं होतं.

मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली ती पाच-सहा किलोची कुत्री. आधीचं नाव कुद्र्याव्का. या प्रयोगांसाठी रस्त्यावरचेच कुत्रे घेत, कारण थंडी आणि उपास यांची त्यांना सवय असे, आणि या तर्कातलं निर्दय शहाणपण मला फार बोचतं. ज्याने सोसलंय त्यालाच आणखी सोसायला निवडायचं. उड्डाणाआधी व्लादिमीर याझ्दोव्स्की हे वैद्यकीय प्रमुख तिला एकदा आपल्या घरी घेऊन गेले, मुलांशी खेळायला. तिच्याकडे फार थोडे दिवस उरले होते आणि तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटलं, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. ३१ ऑक्टोबरला तिला त्या अरुंद डब्यात बसवलं. प्रक्षेपणतळावर कडाक्याची थंडी, म्हणून नळीतून आत गरम हवा सोडत होते. आदिल्या कोतोव्स्काया या शास्त्रज्ञ बाईंनी तिला कुरवाळून तिची क्षमा मागितली. ३ नोव्हेंबरला अग्निबाण उडाला. तिची नाडी तिपटीने वाढली आणि पूर्ववत व्हायला जमिनीवरच्या चाचणीपेक्षा तिप्पट वेळ लागला. मग आतलं तापमान वाढत गेलं. जगाला सांगण्यात आलं की ती काही दिवस जगली आणि मग तिला वेदना न होता झोपवलं. प्रत्यक्षात ती काही तासांतच उष्म्याने गेली होती, हे २००२ साली दिमित्री मालाशेन्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सांगितल्यावर उघड झालं. पंचेचाळीस वर्षं ते दडलं होतं. तिचं शव घेऊन ते यान पुढचे पाच महिने पृथ्वीभोवती फिरत राहिलं आणि १४ एप्रिल १९५८ ला जळालं.

या प्रयोगात असलेले ओलेग गाझेन्को १९९८ मध्ये म्हणाले, की जितका काळ जातो तितकं मला त्याचं जास्त वाईट वाटतं. आम्ही ते करायला नको होतं, तिच्या मरणाचं समर्थन होईल इतकं काही आम्ही त्यातून शिकलो नाही. प्रयोग करणाऱ्यानेच हे म्हटल्यावर मी लायकाला इतिहासातला टप्पा म्हणायला तयार नाही. ते ऋण आहे. आणि त्या ऋणाची पहिली फेड झाली ती २० ऑगस्ट १९६० ला. ही तारीख प्रत्येक तक्त्यावर असायला हवी.

त्याआधी हे परतणं एवढं कठीण का, ते थोडं सांगायला हवं. कक्षेत यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जात असतं. वर नेताना अख्ख्या अग्निबाणाचं इंधन जाळून कमावलेला हा सगळा वेग खाली येताना कुठेतरी टाकावा लागतो. उलट्या दिशेने इंजिन पेटवून त्यातला दोनेक टक्केच वेग मोडायचा, म्हणजे कक्षा खाली झुकते. उरलेला सगळा हवेच्या अंगावर टाकायचा. यानापुढे दबली जाणारी हवा हजारो अंशांपर्यंत तापते. पहिल्यापासून लोकांना वाटायचं की अशा वेळी टोकदार, भाल्यासारखा आकार बरा. अमेरिकेतल्या ज्युलियन ॲलन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उलटंच दाखवलं. विहिरीत सूर न मारता अंग आडवं आपटावं तसं यानाने हवेवर बोथट आपटायचं. मग समोर हवेची एक जाड लाट तयार होते आणि बरीचशी आग त्या लाटेतच बाहेरच्या बाहेर निघून जाते. म्हणून त्या काळातली सगळी याने बोथट, गोलमटोल दिसतात. सोव्हिएतांनी तर सरळ २.३ मीटर व्यासाचा गोळाच केला आणि त्याचं वजन एका बाजूला ठेवलं, म्हणजे तो आपोआप जड बाजू पुढे करून वळेल. हे सगळं ठीक, पण आधी इंजिन योग्य क्षणी आणि योग्य दिशेला तोंड करून पेटायला हवं. दिशा चुकली तर यान खाली यायच्या ऐवजी वर जातं.

नेमकं तेच १५ मे १९६० ला सोडलेल्या पहिल्या चाचणी यानाचं झालं. आत माणूस नव्हता, कुत्रा नव्हता. परतीचं इंजिन भलत्या दिशेला पेटलं आणि यान आणखी वरच्या कक्षेत गेलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९६२ मध्ये, त्याचा एक तुकडा अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावच्या रस्त्यात येऊन पडला. (वरून काय पडेल याची धास्ती आपल्याकडेही एकदा येऊन गेली. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून आमच्या गावात लोकांनी उद्याचा भरवसा नाही असं म्हणत कोंबड्या कापल्या होत्या, असं आई सांगते. स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे पडली.) २८ जुलैला चायका आणि लिसिच्का या दोन कुत्र्या घेऊन दुसरं यान निघालं, ते उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुटलं. दोघी गेल्या. तीन आठवड्यांनी बेल्का आणि स्त्रेल्का बसल्या. यानाच्या कॅमेऱ्यातून त्यांची चित्रं खाली येत होती. सुरुवातीला दोघी इतक्या निपचित होत्या, की त्या जिवंत आहेत का याचीच शंका यावी. चौथ्या फेरीत बेल्काला उलटी झाली आणि ती धडपडू लागली. पुढे गागारिनला एकच फेरी मारायला लावली, त्यामागे या उलटीचाही वाटा होता. दुसऱ्या दिवशी, २० ऑगस्टला, तो गोळा हवेतून खाली आला आणि दोघी जिवंत निघाल्या. त्यांच्यासोबत उंदीर होते, रोपं होती. कक्षेत जाऊन परत आलेले ते पहिले जीव. अमेरिकेने त्याच महिन्यात कक्षेतून आपल्या पहिल्या निर्जीव कुप्या परत मिळवल्या होत्या. ११ ऑगस्टला एक समुद्रातून काढली आणि १९ तारखेला दुसरी तर पॅराशूटसकट विमानाने हवेतच झेलली. एका ऑगस्टमध्ये माणूस वर टाकलेली वस्तू परत हातात धरायला शिकला, असं म्हणायला हरकत नाही.

स्त्रेल्काला पुढे सहा पिल्लं झाली. त्यातली पुशिन्का १९६१ मध्ये ख्रुश्चेव्हनी केनेडी कुटुंबाला भेट म्हणून पाठवली आणि ती व्हाइट हाउसमध्ये वाढली, तिलाही पिल्लं झाली. हे वाचताना मला होणारा आनंद कदाचित प्रसंगाच्या मानाने मोठा असेल. पण परत येण्याचा याहून साधा अर्थ तरी काय असतो? नंतर पिल्लं होतात. उन्हात लोळता येतं.

डिसेंबरात मात्र प्च्योल्का आणि मुश्का या दोघींचं यान परतीच्या वेळी बिघडलं. ते देशाच्या हद्दीबाहेर उतरणार असं दिसताच त्यात बसवलेल्या स्फोटकाने ते नष्ट झालं. परतीची वाट चुकली तर घरी येण्यापेक्षा न येणं बरं, असा हिशोब तेव्हा होता. त्यानंतर साडेचार महिन्यांच्या आत त्याच जातीच्या यानात माणूस बसणार होता.

१२ एप्रिल १९६१ च्या उड्डाणाबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याचा उत्तरार्ध पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. गागारिनसोबत दहा दिवसांचं अन्न दिलं होतं. इंजिन पेटलंच नाही तर कक्षा हळूहळू घसरून यान दहाएक दिवसांत आपोआप खाली येईल, अशी ती आशा. पण अग्निबाणाचं इंजिन जरा उशिरा बंद झाल्यामुळे यान ठरल्यापेक्षा वर गेलं होतं आणि तो आधार उरला नव्हता. तास या वृत्तसंस्थेकडे आधीच तीन लखोटे पोचले होते. एक यशाचा, एक परक्या मुलखात उतरला तर मदत मागणारा आणि एक मृत्यूचा. आफ्रिकेवर असताना परतीचं इंजिन पेटलं आणि त्यानंतर जो भाग सुटून वेगळा व्हायचा तो पुरता सुटेना. यान गरगर फिरू लागलं. आफ्रिका, क्षितिज, आकाश, पुन्हा आफ्रिका. सूर्य डोळ्यांत येऊ नये म्हणून पाय आडवे धरावे लागले. आणि या अवस्थेत त्या सत्तावीस वर्षांच्या मुलाने डोक्यात हिशोब केला, जो त्याने नंतरच्या अहवालात नोंदवला आहे: सोव्हिएत युनियनपर्यंत सहा हजार किलोमीटर, आणि पुढे देशच आठ हजार किलोमीटर रुंद, तेव्हा अतिपूर्वेपर्यंत कुठेतरी आपण उतरूच, उगीच गोंधळ नको. त्याने खाली सगळं ठीक असल्याचं कळवलं. दहा मिनिटांनी तो भाग सुटला. पडद्याच्या फटीतून लालभडक उजेड येत होता आणि बाहेर काहीतरी तडतडत होतं.

गागारिनच्या व्होस्तोक यानाच्या गोळ्याला अलगद उतरण्याची सोय नव्हती. सात किलोमीटर उंचीवर गागारिन आसनासकट बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटने खाली आला. वैमानिकाने विमानासोबतच उतरलं पाहिजे, हा विक्रमांच्या नोंदीचा नियम होता, त्यामुळे ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं लपवली गेली. पॅराशूटखाली लोंबकळताना पोशाखाची हवा घेण्याची झडप उघडेना, त्यात सहा मिनिटं गेली. आणि मग त्याला खाली व्होल्गा दिसली. त्याने ती ओळखली. साराटोव्हच्या फ्लाइंग क्लबात तो विमान चालवायला शिकला होता, पहिली पॅराशूटची उडी त्याने याच परिसरात मारली होती. पृथ्वीला फेरी मारून माणूस बरोबर तिथे उतरला जिथे तो उडायला शिकला होता. नियंत्रण कक्षातल्या कुणी असं ठरवलेलं नव्हतं.

एंगेल्स शहराजवळ, स्मेलोव्का गावाच्या शेतात अन्ना तख्तारोवा ही बाई आणि तिची लहानगी नात रीता बटाट्याच्या कामात होत्या. आभाळातून नारिंगी पोशाख आणि पांढरं शिरस्त्राण घातलेलं काहीतरी आलं आणि त्यांच्याकडे चालू लागलं. त्या घाबरून मागे सरकल्या. वर्षभरापूर्वीच अमेरिकेचं हेरगिरी विमान पाडलेलं होतं, वैमानिक पॅराशूटने उतरलेला. लोकांनी याला तसा समजू नये म्हणून निघायच्या आधी घाईघाईने त्याच्या शिरस्त्राणावर लाल अक्षरांत देशाचं नाव रंगवलं होतं. मी आपलाच आहे, घाबरू नका, असं सांगून त्याने विचारलं की इथे टेलिफोन कुठे मिळेल. मॉस्कोला कळवायचं होतं.

पोचल्याचं कळवायचं होतं.

तिकडे ग्झात्स्कमध्ये त्याच्या आईला, अन्ना तिमोफेयेव्नांना, मुलगा अंतराळात गेल्याचं रेडिओवरच्या बातमीने कळलं. लांब जायचंय एवढंच तो घरी बोलला होता. थोरली लेना दोन वर्षांची, धाकटी गाल्या जेमतेम महिन्याची. दोन दिवस आधी, १० एप्रिलला, त्याने बायकोच्या नावे एक पत्र लिहून ठेवलं होतं. यंत्रावर पूर्ण विश्वास आहे, पण माणूस सपाट रस्त्यावरही पडून मान मोडून घेतो. काही झालंच तर, वाल्युशा, दुःखाने स्वतःला संपवू नकोस. मुलींना नीट वाढव. पुढचं आयुष्य तुझ्या मनाप्रमाणे जग. तो परतला म्हणून ते पत्र दिलं गेलं नाही. २७ मार्च १९६८ ला साध्या सरावाच्या विमानाला अपघात होऊन तो गेला, तेव्हा कुठे ते त्याच्या बायकोच्या, व्हॅलेंतिनाच्या, हाती पडलं. सात वर्षं उशिरा. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

१९६१ च्या अखेरीला गागारिन भारतात आला होता, मुंबईतही. वडील तेव्हा शाळेत होते. त्यांच्याकडे वर्तमानपत्रातून कापलेला त्याचा फोटो बरीच वर्षं होता, गळ्यात हार, ते प्रसिद्ध हसू. त्या हसण्याकडे बघून त्याच्या परतीच्या त्या दहा मिनिटांची कल्पनाही कुणाला आली नसेल.

मग लक्षात येतं, की त्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेची खरी गोष्ट शेवटच्या तासात दडलेली आहे. २० फेब्रुवारी १९६२ ला अमेरिकेचा जॉन ग्लेन तीन फेऱ्या मारून परत निघाला, तेव्हा त्याच्या यानाचं उष्णतारोधक कवच सैल झाल्याचा संदेश जमिनीवर दिसत होता. कवच जागेवर राहावं म्हणून त्याला सांगितलं, की परतीच्या इंजिनांचा पट्ट्याने बांधलेला संच टाकू नकोस, तसाच ये. खिडकीबाहेरून जळते तुकडे उडत जाताना त्याला दिसले आणि ते त्या संचाचे आहेत की कवचाचे, हे कळायला मार्ग नव्हता. कवच शाबूत होतं, संदेश देणारी कळच बिघडलेली होती. अंतराळातली पहिली स्त्री व्हॅलेंतिना तेरेश्कोवा हिच्या यानाची दिशाच अशी बसवली गेली होती, की परतीचं इंजिन पेटल्यावर ती वर गेली असती. तिने स्वतः ते ओळखून कळवलं, दुरुस्ती झाली आणि ही गोष्ट तिने चाळीस वर्षं पोटात ठेवली. अल्ताईच्या शेतात उतरल्यावर गावकऱ्यांनी तिला जेवू घातलं आणि तिने आपलं नळ्यांमधलं अन्न त्यांना वाटून टाकलं. आल्यागेल्याला तोंड गोड केल्याशिवाय न सोडणाऱ्या आपल्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही. डॉक्टर मात्र तिच्यावर चिडले. लिओनॉव्ह १८ मार्च १९६५ ला बारा मिनिटं यानाबाहेर तरंगला, त्याचा तक्ता सगळीकडे असतो. पुढे आपोआप उतरण्याची यंत्रणा बंद पडली, त्याने आणि सोबतच्या बेल्यायेव्हने यान हाताने उतरवलं, ते ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर उरालच्या बर्फाळ जंगलात, आणि दोन रात्री तिथे काढून दोघं स्कीवर बाहेर आले. हे कुठल्याच तक्त्यावर नसतं.

सगळे आले नाहीत. एप्रिल १९६७ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर कोमारोव्हच्या यानाचं पॅराशूट नीट उघडलं नाही. आणि मला सगळ्यात जास्त छळते ती ३० जून १९७१ ची पहाट. दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव्ह, पात्सायेव्ह. सॅल्यूत या पहिल्या अंतराळस्थानकावर तेवीस दिवस राहून निघालेले तिघे. यान अगदी ठरल्याप्रमाणे कझाकस्तानात उतरलं. पॅराशूट उघडलं, जमिनीला अलगद टेकलं, शोधपथक लगेच पोचलं. त्यांनी बाहेरून यानावर ठोठावलं. आतून काही आलं नाही. दार उघडलं तर तिघे आपापल्या आसनांवर, अंगात अजून ऊब. वर १६८ किलोमीटर उंचीवर यानाचे भाग सुटे होताना बसलेल्या धक्क्याने एक झडप उघडली होती, जी खरं तर जमिनीजवळ आल्यावर उघडायची. बघता बघता आतली हवा निघून गेली. झडप हाताने बंद करायचा प्रयत्न झाला होता, ती अर्धी फिरलेली होती. तिघांनी दाबपोशाख घातले नव्हते, कारण पोशाख घालून तिघे त्यात मावत नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षं सोयूझ नावाच्या या यानांमध्ये दोनच माणसं गेली, पोशाख घालून. एक आसन रिकामं ठेवणं ही मला त्या देशाने तिघांना वाहिलेली खरी श्रद्धांजली वाटते.

१ फेब्रुवारी २००३ ची संध्याकाळ माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. कल्पना चावला उतरणार म्हणून टीव्ही लावून ठेवला होता. कर्नालला तिच्या शाळेत मुलं जमली होती. आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली, आई गॅस बारीक करायला गेली आणि ती परत येईपर्यंत पडद्यावर निळ्या आभाळात एका पांढऱ्या रेषेच्या अनेक रेषा झाल्या होत्या. उतरायला सोळा मिनिटं उरली होती. आई दारातच थांबली, हातातला चिमटा तसाच. कुणी काही बोललं नाही. उड्डाणाच्या दिवशी पंखावर फोमचा तुकडा आपटला होता, त्याने पडलेलं भगदाड सोळा दिवस तसंच होतं आणि वर असताना त्याने काहीही त्रास दिला नव्हता. तो त्रास परतीसाठी राखलेला होता.

आणि तरीही कितीतरी वेळा किती लहानशा गोष्टीवर निभावलं आहे! १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले त्या ईगल यानात तिथून उठण्यासाठी एकच इंजिन होतं, त्याला पर्याय नव्हता. ते सज्ज करणाऱ्या सर्किट ब्रेकरचं टोक आत वावरताना कशाचा तरी धक्का लागून तुटलं, आणि ऑल्ड्रिनने ते खिशातल्या फेल्ट टिपच्या पेनाने आत ढकललं. दोघे चंद्रावरच अडकले तर अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी काय बोलायचं, ते भाषण वॉशिंग्टनमध्ये आधीच टाइप करून ठेवलेलं होतं. ते वाचावं लागलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, चंद्राभोवती फिरत राहिलेल्या कॉलिन्ससकट, तिघेही मुंबईत आले, लोकांनी हात हलवले. मुंबईत त्यांना बघणाऱ्यांनी चंद्रावर गेलेले पाय बघितले असतील. मी असते तर परत आलेले बघितले असते.

आपल्या देशाने या शिक्षणाची सुरुवात उशिरा पण फार नेटकी केली. जानेवारी २००७ मध्ये पीएसएलव्हीने ५५० किलोची एक कुपी वर नेली, बारा दिवस कक्षेत ठेवली आणि २२ तारखेला बंगालच्या उपसागरात उतरवून तटरक्षक दल आणि नौदलाच्या मदतीने परत मिळवली. किती जणांना माहीत आहे? त्या दिवशी कुणी फटाके वाजवले नाहीत. १५ जुलै २०२५ ला शुभांशू शुक्ला सॅन दिएगोजवळ समुद्रात उतरले, तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन वाजले होते. मी ऑफिसात एका मीटिंगमध्ये होते. आईचा फोन आला, उड्डाणाच्या दिवशी आला नव्हता. "उतरला का गं तो लखनौचा मुलगा?" हो म्हटलं. "बरं झालं. त्याच्या आईचा जीव भांड्यात पडला असेल," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

गगनयानाच्या बातम्यांमध्ये मी आता पॅराशूट शोधते. ऑगस्ट २०२५ मध्ये हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने कुपीचा पाच टनांच्या आसपासचा नमुना सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून सोडून दिला. आधी छोटी पॅराशूट्स, मग मोठी, एकामागून एक उघडत गेली आणि तो समुद्रावर टेकला. त्या चित्रफितीला आगीचा लोळ नाही, उलटी मोजणी नाही, कानठळ्या बसवणारा आवाज नाही. मी ती भाचीला दाखवली. तिने विचारलं, यात कोण आहे? म्हटलं, अजून कुणी नाही, आधी नुसतं खाली यायची तालीम चालली आहे. "म्हणजे लायकासारखं नाही ना?" नाही, अजिबात नाही. मग तिने ती आणखी एकदा लावायला सांगितली आणि मोठी पॅराशूट्स उघडली तेव्हा टाळ्या वाजवल्या. ज्या दिवशी खरी माणसं जातील त्या दिवसाचं उड्डाण सगळा देश बघेल, मीही बघेन, कामाच्या मध्येच, मोबाइलवर. रजा मात्र मी टाकणार आहे ती ते उतरतील त्या दिवशी, आणि भाचीच्या शाळेत चिठ्ठीही देणार आहे.